बेटावर राहिलेला स्वयंपाकी

तुळसाबाई बागडे धंतोलीतल्या आमच्या दवाखान्यात स्वयंपाकाला होत्या. मी तिथे एकाहत्तर साली परिचारिका म्हणून लागले. पहिले काही दिवस त्या मला तुसड्या वाटल्या. पेशंटसाठी पेज मागायला गेलं की वाटी पुसून, पेज गाळून द्यायच्या, पण तोंडातून शब्द नाही. बाकीच्या आया दुपारी चहा घेऊन व्हरांड्यात बसत. या स्वयंपाकघरातच थांबत.

एकदा दुपारी मी गरम पाणी घ्यायला आत गेले. चुलीवर वरणाचं पातेलं होतं, वाफ खोलीभर झाली होती. तुळसाबाई पाटावर बसून, मांडीवर पुस्तक घेऊन मोठ्यानं वाचत होत्या. अक्षराखाली बोट. प्रत्येक शब्द दोनदा, एकदा फोडून आणि एकदा जोडून. मला वाटलं धम्माचं पुस्तक असेल. मी चप्पल दाराबाहेर काढली.

"चप्पल काहून काढली, सिस्टर?"

"तुम्ही वाचून राहिल्या म्हणून."

"हे त्यातलं नोहे वं," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात मानाजी तांडेल मगरीच्या तोंडात वल्हं घालून राहिला."

आमची ओळख इथून झाली.

मानाजी तांडेलाची बारा पुस्तकं होती. पुण्याच्या कोणत्याशा लहान प्रकाशनानं मुलांसाठी काढलेली, टपोऱ्या अक्षरांची, प्रत्येकात चार चित्रं. मानाजी नावाचा एक दर्यावर्दी, त्याचं गलबत, गलबतावरची सात माणसं, आणि प्रत्येक पुस्तकात एक नवं बेट. शेवटचं पुस्तक सहासष्ट साली निघालं. आमच्या नागपुरात त्या काळी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मीही नाही. तुळसाबाईंनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव. वादळाचं पान आलं की त्या म्हणायच्या, अंबाझरी धरा, अन् पलीकडचा काठ काढून टाका.

मुलांची पुस्तकं त्या का वाचत, हे त्यांनीच एकदा सांगितलं. छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, त्यानंतर रामबागेतल्या विहारात बायांना लिहा-वाचायला शिकवायचा वर्ग निघाला. तुळसाबाई तिशीच्या होत्या. पाटी घेऊन बसल्या. अक्षरं आली, पण पुढे वाचायचं काय हा प्रश्न होता. वर्गातल्या पुस्तकात कमळ बघ, घर बघ एवढंच.

"कमळ बघून मी काय करू?" त्या म्हणाल्या. "मले मंग काय झालं ते पाहिजे."

महालात रुपराव म्हणून एक गृहस्थ भाड्यानं पुस्तकं द्यायचे. जिन्याखालची खोली, दोन कपाटं आणि एक स्टूल. तुळसाबाई एका रविवारी तिथे गेल्या आणि म्हणाल्या, मोठ्या अक्षराचं द्या. रुपरावांनी मानाजीचं पहिलं पुस्तक काढून दिलं. ते वाचायला तुळसाबाईंना चार महिने लागले. बारावं संपेपर्यंत पाच वर्षं गेली. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

माझी दुपारची पाळी असली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसू लागले. त्या वाचायच्या, मी पट्ट्या गुंडाळायची. वाचता वाचता त्या थांबायच्या आणि आपलं मत द्यायच्या. शाळेत आम्हाला कवितेचे गुणदोष लिहायला लावत, तेव्हा मी गाइडातलं उतरवून काढायची. तुळसाबाईंजवळ गाइड नव्हतं. त्यांचं सगळं स्वतःचं होतं.

"ह्या मानाजीचं एक चांगलं," त्या म्हणायच्या, "तो पान्याले भीत नाही, पन पान्याले हात जोडते. दुसरं, तो खोटं बोलत नाही. राजानं इचारलं, मोती कुठं आहे, तं म्हनते, माझ्या कमरेले आहे, पन देत नाही."

"आणि खोट?"

"खोट भरपूर. लेखक अडला का वादळ येते. चवथ्यात अन् नवव्यात एकच मारामारी आहे, निरी नावं बदलली. आठ वर्षं जहाजावर फिरून राहिले, पन एकाचंबी पोट बिघडलं नाही. तुमी सांगा, होते का असं? अन् बाई आली का तिले फक्त सोडवाचं. सोडवली का ती बोलतच नाही. मी असती तं इचारलं असतं, बापा, आता मले कुठं सोडता?"

आम्ही दोघी हसलो. मी त्यांना हसताना क्वचितच पाहिलं आहे.

पण त्या पुस्तकांची त्यांच्या मते सगळ्यात चांगली गोष्ट वेगळीच होती. त्या गलबतावर कोणी कोणाची जात विचारत नव्हतं. सात माणसं सात ठिकाणची, आणि सगळे एका पातेल्यातून जेवायचे. लेखकानं त्यावर भाषण दिलं नव्हतं. नुसतं लिहिलं होतं की धाकूनं भात वाढला आणि सगळे जेवायला बसले.

"असं लिहिलं ना सिस्टर, का ते दिसलंबी नाही पाहिजे," तुळसाबाई म्हणाल्या. "मले पहिल्या खेपेले दिसलंच नाही. दुसऱ्या खेपेले दिसलं."

धाकू म्हणजे गलबतावरचा स्वयंपाकी. सहा पुस्तकांत तो होता. फार बोलायचा नाही. मानाजी लढून आला की धाकू विचारायचा, जेवता ना. सातव्या पुस्तकात गलबत एका बेटावर पाण्यासाठी थांबतं. धाकू सरपण आणायला उतरतो. तेवढ्यात वादळ येतं, नांगर तुटायला येतो, आणि गलबत हाकारावं लागतं. मानाजी काठाकडे पाहून म्हणतो, येताना घेऊ त्याला. पुस्तकात याचं चित्र आहे. काठावर एक माणूस, डोक्यावर लाकडांची मोळी, पाठमोरा. चेहरा दिसत नाही.

येताना ते दुसऱ्या वाटेनं येतात. आठव्या पुस्तकात धाकूचं नाव नाही. नवव्यात नाही. बाराव्यापर्यंत नाही.

"आठव्या पुस्तकात जेवन कोन बनवून राहिलं?" तुळसाबाई मला विचारायच्या. "सगळे जेवतात. पान बावीस, पान चाळीस. कोन बनवते?"

मी एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले, "दुसऱ्या एखाद्या जहाजानं नेलं असेल त्याला. मी कुठेसं वाचल्यासारखं वाटते."

"कोनत्या पानावर?"

मी पुन्हा पट्टी गुंडाळू लागले. रोज सकाळी मी पंचशील म्हणते, त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं आहे. त्या दिवशी मी ते दोनदा म्हटलं.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या जावेच्या, बायजाबाईंच्या मुलीचं लग्न निघालं. लग्न आमच्याच पद्धतीनं, बुद्धाच्या मूर्तीपुढे, पण आदल्या दिवशी हळद होतीच. हळद कोणी सोडली नव्हती. मीही गेले होते. पाच सवाष्णी पुढे आल्या. तुळसाबाई कपाळावर लहानशी टिकली लावायच्या, गळ्यात काळे मणी होते. त्या हळदीच्या ताटाशी गेल्या, तेव्हा बायजाबाईंनी ताट थोडं आपल्याकडे ओढलं.

"तुळसाबाई, राग नको मानू," त्या म्हणाल्या. "पन एकदा ठरवून टाक बापा. तू सवाशीन आहे का नाही? पोरीच्या हळदीले मले संशय नाही पाहिजे. चौदा वर्षं झाली. त्याचं पुण्यानुमोदन करून मोकळी होऊन जा."

पुण्यानुमोदन म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं आमच्यात करतात तो विधी. तुळसाबाई ताटापासून मागे सरल्या. बाहेर जाऊन भाताच्या हंड्याजवळ बसल्या आणि लग्न उरकेपर्यंत तिथेच राहिल्या. वाढायला लागलं तेव्हा सगळ्यात आधी उठल्या.

दुसऱ्या सोमवारी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. हात धुवून, पुसून, पदरात गुंडाळलेला एक कोरा कागद काढला.

"सिस्टर, मले एक चिठ्ठी लिहून द्या. माझं अक्षर डोंगरावर चढते."

"कोणाला?"

"मानाजीवाल्या लेखकाले."

पुस्तकाच्या पहिल्या पानावर प्रकाशनाचा पुण्याचा पत्ता होता. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. सुरुवात त्यांनी 'लेखकसाहेबांना जयभीम' अशी सांगितली.

मी म्हणाले, "बाई, लेखक आपल्यातले नसतील."

"मंग? मी तं आहो ना."

मी जयभीम लिहिलं. पुढे त्यांनी आधी चांगलं सांगितलं. एका पातेल्याचं सांगितलं. मग खोट सांगितली, वादळाची, मारामारीची, पोट न बिघडण्याची. मग म्हणाल्या, आता असं लिहा: धाकू जिता आहे का मेला, ते तुमी लिहिलं नाही. मानाजी येताना घेऊ म्हनला होता. तो खोटं बोलत नाही असं तुमीच लिहिलं आहे. तं मंग त्यानं घेतलं काहून नाही? मानाजी इसरला, का तुमी इसरले? एवढं एक कळवा.

मी पेन ठेवलं. "तुळसाबाई, एवढं काय आहे त्या धाकूचं?"

त्या चुलीतलं लाकूड मागे ओढून पुन्हा बसल्या. मग त्यांनी लहानूचं सांगितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

लहानू त्यांचा नवरा. तोही स्वयंपाकीच. रस्ते बांधणाऱ्या ठेकेदाराच्या टोळीबरोबर जायचा, पन्नास माणसांचं रांधायचा. बासष्ट साली टोळी बस्तरकडे निघाली. वाटेत एका गावात लहानूला ताप भरला. मुकादमानं त्याला तिथल्या एका घरी ठेवलं, येताना घेऊ म्हणाला, आणि टोळी पुढे गेली. पावसानं त्या रस्त्यावरची मोरी, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, वाहून गेली. टोळी दुसऱ्या रस्त्यानं परत आली. मुकादम नागपुरात उतरला तेव्हा तुळसाबाई ट्रकजवळ उभ्या होत्या. एकेक माणूस उतरला. शेवटी भांडी उतरली.

"मी इचारलं, आमचे कुठं आहे? तं मुकादम म्हनते, येईलच मागून. मी म्हनलं, कोनासंगं? तं म्हनते, बाई, आमी दुसऱ्या रस्त्यानं आलो. जसं का मीच त्याले रस्ता चुकवला."

त्या स्वतः त्या गावी गेल्या. बसनं, मग ट्रकनं, मग पायी. ज्यांच्या घरी लहानूला ठेवलं होतं त्या म्हातारीनं सांगितलं, ताप उतरला होता, आठ दिवस रोज रस्त्यावर जाऊन बसत होता, गाडी येते का पाहायला. मग एका सकाळी चालत निघाला. कोणत्या बाजूला, ते तिनं पाहिलं नव्हतं.

"लोक म्हनतात पुण्यानुमोदन कर," तुळसाबाई म्हणाल्या. "मी केलं म्हनजे मीबी जहाज हाकारलं. त्याले सोडून गेलेले एवढे झाले, त्यात मी एक आनखी."

मी चिठ्ठी पुरी केली. त्यांनी खाली स्वतः सही केली. सहीला पाच मिनिटं लागली. अक्षर खरंच वर चढत गेलं.

पाकीट मी धंतोलीच्या पोस्टात टाकलं. तुळसाबाई मला उत्तराबद्दल विचारायच्या नाहीत, पण पोस्टमन फाटकाशी आला की पळी हातात तशीच घेऊन दाराशी यायच्या. दीड महिन्यानं आमचंच पाकीट परत आलं. त्यावर निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, या पत्त्यावर कोणी नाही. तुळसाबाईंनी ते उलटं-पालटं करून पाहिलं, फोडून फोडून वाचलं.

"इथंबी कोनी नाही," त्या म्हणाल्या आणि कणिक भिजवायला बसल्या.

त्यानंतर एक वर्ष त्या धाकूबद्दल बोलल्या नाहीत. टिकली लावतच होत्या. फक्त लग्नाकार्याला जाणं सोडलं. कोणी बोलावलं की म्हणायच्या, दवाखान्यात पेशंट आहेत. माझीही त्या वर्षी पाळी बदलली होती, जाणं कमी झालं. कधी दारातून पाहावं तर त्या वाफेत बसलेल्या असायच्या, पुस्तक मिटून मांडीवर.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी दुपारी वॉर्डात होते. तुळसाबाई स्वतः वॉर्डाच्या दाराशी आल्या. त्या कधीच तिकडे येत नसत. हातात सातवं पुस्तक होतं आणि त्याच्या पुठ्ठ्यावरचा खाकी कागद सुटून लोंबत होता.

"सिस्टर, हे वाचा. मी वाचलं, पन मले वाटते मी चुकीचं वाचून राहिली."

रुपराव पुस्तकांना पुठ्ठे स्वतःच घालत. रद्दीची पानं एकावर एक खळीनं चिकटवून जाड करायची, वरून खाकी कागद. सातवं पुस्तक तुळसाबाईंनीच वाचून वाचून खिळखिळं केलं होतं, म्हणून त्याला एकदा नवा पुठ्ठा घातला होता. चुलीच्या वाफेनं त्याची खळ सुटली. खाकी कागदाखाली एक छापील पान होतं. बाराव्या पुस्तकाचं शेवटचं पान. वर लिहिलं होतं, वाचकांशी दोन शब्द.

मी व्हरांड्यात जाऊन ते वाचलं. लेखकानं लिहिलं होतं की मानाजीच्या सफरी आता संपल्या. पुष्कळ मुलांनी विचारलं, धाकूचं काय झालं. 'खरं सांगायचं तर धाकूला मी विसरलो. लिहिण्याच्या भरात गलबत पुढे गेलं आणि त्याला आणायचं राहून गेलं. आता इतक्या पुस्तकांनंतर त्याला अचानक आणलं तर ते खोटं होईल. तो त्या बेटावरच राहिला की कोणी त्याला नेलं, हे मलाही माहीत नाही. हा दोष मानाजीचा नाही, माझा आहे. ज्यांनी त्याची आठवण ठेवली त्यांची मी क्षमा मागतो.'

मी दोनदा वाचून दाखवलं. तुळसाबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"बरोबरच वाचलं होतं मी," त्या म्हणाल्या. "चुकलो म्हनते."

"हो."

"छापून म्हनते."

"हो, तुळसाबाई."

त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं आणि लोंबणारा कागद हातानं दाबून बसवला. आत कोणीतरी पाणी मागत होतं. मग म्हणाल्या, "मुकादमानं इतकंच म्हनलं असतं ना सिस्टर. निरं एवढं. बाई, आमी त्याले सोडून आलो, आमचं चुकलं. मी त्याले काही केलं नसतं. घरी गेली असती."

रविवारी आम्ही दोघी महालात गेलो. रुपराव आता थकले होते, चष्म्याला दोरी बांधली होती. तुळसाबाईंनी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं.

"रुपरावभाऊ, हे पान ह्या पुठ्ठ्यात कसं गेलं?"

रुपरावांनी पान डोळ्याजवळ नेलं. "हे तं मीच फाडलं असंन. मी नवीन पुस्तक आलं का शेवटचं पान आधी काढून टाकतो."

"काहून गा?"

"मागच्या बाजूनं कूपन राहते ना. पत्ता भरून पाठवा, पुस्तक घरपोच. मंग लोकं माझ्याकडं काहून येतील?" ते थोडं हसले, मग आमच्या तोंडाकडे पाहून थांबले. "काय झालं? काही कामाचं होतं का?"

"तुमी वाचलं नाही?"

"मी वाचत नसतो बाई. मी निरा देत असतो."

तुळसाबाई स्टुलावर बसल्या. "अकरा वर्षं धाकूचा पत्ता तुमच्या कपाटात होता गा," त्या म्हणाल्या. "अन् तुमी त्याले खळीनं चिकटवून टाकला."

आवाज चढलेला नव्हता. रुपरावांना धाकू कोण ते आठवेना. मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कपाटातली इतर पुस्तकं एकदा हातानं सरळ केली, जणू त्यांच्या पुठ्ठ्यांतूनही कोणी बोलेल. मग सातवं पुस्तक तुळसाबाईंच्या हातात परत दिलं.

"हे ठेवा तुमच्याजवळ. परत नका आनू."

"नको," त्या म्हणाल्या. "पुस्तक राहू द्या. पान द्या."

घरी येताना त्या पायी चालत होत्या, मी बरोबर. ते पान पोलक्यात ठेवलं होतं. कॉटन मार्केटजवळ संत्र्यांच्या गाड्या काटोलकडून येऊन लागल्या होत्या. तिथल्या गर्दीत त्यांनी मला विचारलं, "आनंदराव बौद्धाचार्य रविवारी मोकळे राहतात का?"

आनंदराव गिरणीत कामाला होते आणि रामबागेच्या विहारात विधी करायचे. मी म्हणाले, राहतात.

"सांगून ठेवा," तुळसाबाई म्हणाल्या. "आता मी एकलीच सोडून नाही चालली. ज्याचं चुकलं त्यानं सांगतलं."

मी मनात म्हणाले, बाई, ज्याचं चुकलं तो हा नव्हे. पण त्यांना ते माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

पुढल्या रविवारी सकाळी विहारात आम्ही सहाजण होतो. बायजाबाई आल्या होत्या आणि पदर तोंडाशी धरून मागे बसल्या होत्या. तुळसाबाईंनी पांढरं लुगडं नेसलं होतं, कपाळ कोरं होतं. खीर त्यांनी घरून करून आणली होती, मोठ्या पातेल्यात, सहा माणसांना फार होईल इतकी. मेणबत्त्या लावल्या. त्रिशरण पंचशील झालं. आनंदरावांनी कागद पुढे घेतला.

"नाव सांगा, बाई."

"लहानू बागडे."

त्यांनी लिहिलं.

"अन् धाकू," तुळसाबाई म्हणाल्या.

आनंदरावांची पेन्सिल थांबली. "धाकू काय? आडनाव?"

"आडनाव नाही माहीत."

"तुमच्या नात्यातले?"

तुळसाबाईंनी विचार केला. "स्वयंपाकी होता. काम करता करता मागं राहून गेला. त्याच्यासाठी करनारं कोनी नाही."

आनंदरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुळसाबाईंचा एकेक शब्द मनात तपासून पाहिला. त्यात खोटा एकही नव्हता. मी मान हलवली. त्यांनी दुसरं नाव पहिल्याच्या खाली लिहिलं, आणि गाथा म्हणताना दोन्ही नावं घेतली, एकाच आवाजात.

नंतर सगळे खीर खाऊन गेले. बायजाबाई जाताना तुळसाबाईंच्या पाठीवर हात ठेवून गेल्या. बरीच खीर उरली, ती शेजारच्या घरांत वाटली. मी पातेलं घासायला घेऊ लागले तर त्यांनी घेऊ दिलं नाही. नळाशी बसून एकट्याच घासत राहिल्या, बुडाला काही लागलेलं नसतानाही.

मला वाटलं होतं की आता त्या मानाजीची पुस्तकं आणणार नाहीत. पण पंधरा दिवसांनी दुपारी गरम पाणी घ्यायला गेले तर मांडीवर पुस्तक होतं. आठवं.

"सातवं नाही घेतलं?"

"ते झालं."

मी पातेल्यातून पाणी काढून घेतलं. थोडी थांबले. "मग ह्याच्यात जेवण कोण बनवते, काही कळलं का?"

"बनवत असंन कोनी," त्या म्हणाल्या. "नाही तं उपाशी राहतील. ते त्यांचं ते पाहतील."

त्यांनी बोट पुन्हा अक्षराखाली ठेवलं. मी दारातून बाहेर पडले तरी मागून आवाज येत होता, आधी फोडून, मग जोडून. ज, हा, ज. नि, घा, लं. जहाज निघालं.